शनिवारी बेबनाव, रविवारी एकोपा

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. रक्कम पाच रुपये. हजर: माझे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, त्यांचे धाकटे भाऊ बाळूकाका, तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेले, अर्ज लिहून देणारे एक वयस्कर गृहस्थ, आणि मी. माझी हजेरी चुकून लागली होती. मला अकरावीच्या वर्गाला सोडायचं म्हणून स्कूटरवर मधे बसवलं होतं, आणि दोघा भावांना बोलण्याच्या नादात कॉलेज मागे गेलेलं कळलंच नाही. मला कळलं होतं. मी बोलले नाही, कारण पहिला तास अकौंट्सचा असला तरी दुसरा इंग्रजीचा होता.

अर्ज रेशनकार्ड विभक्त करण्याचा होता. त्या काळी आम्हाला सांगितलेला नियम असा, की एका कार्डावर एकच गॅस. आमच्या घरात माणसं सहा: आप्पा, आई, काका, काकू, आप्पांची धाकटी बहीण निमा आत्या आणि मी. शिवाय मळ्यात भाजी खुडायला येणाऱ्या बायकांचा दोन वेळचा चहा. सिलिंडर संपला की दुसरा यायला इतका वेळ लागायचा, की काकू रिकामा सिलिंडर आडवा पाडून ओसरीत लोळवायची आणि त्यात उरलासुरला गॅस असेल तेवढा काढायची. तो संपला की आई स्टोव्हला पंप मारत बसायची. स्टोव्हची पिन कधीच जागेवर नसायची, आणि पिन कोणी हलवली यावरून जे सुरू व्हायचं ते थेट मळ्याच्या बांधापर्यंत ऐकू जायचं. दोन कार्डं झाली की दोन सिलिंडर, एक संपला की दुसरा, असा बाळूकाकांचा सरळ हिशेब होता. मी आज पंधरा वर्षं सोसायटीची खजिनदार आहे आणि त्या हिशेबात मला अजूनही चूक सापडलेली नाही.

"कारण?" गृहस्थांनी कागद सरकवत विचारलं.

"गॅस," काका म्हणाले.

"गॅस हे विभक्त व्हायचं कारण होत नाही. भावाभावांत काय झालं ते सांगा."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. त्याच सकाळी विहिरीवरची मोटर कोणी चालू ठेवली यावरून दोघांनी मळा डोक्यावर घेतला होता, पण ते सांगण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटेना. "तसं काही झालं नाही," आप्पा म्हणाले. गृहस्थांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, टाइपरायटर खडखडवला आणि वाचून दाखवलं, "कुटुंबात बेबनाव झाल्यामुळे आम्ही उभयता भाऊ विभक्त राहत असून..."

"बेबनाव म्हंजे भांडणच ना?" काकांनी विचारलं.

"भांडणाला अर्ज लागत नाही. भांडण म्हणजे दोघांना काहीतरी हवंय, म्हणून आवाज चढतो. बेबनावात एकमेकांचं बनत नाही, आणि बनावं असं कोणाला वाटतही नाही. बोला, बहीण कोणाच्या कार्डावर घालू?"

"माझ्या," दोघं एकदम म्हणाले.

"मी मोठा आहे," आप्पा म्हणाले.

"मोठा असशील. ती जेवायला माझ्या ताटाशेजारी बसती का तुझ्या?" काका म्हणाले. मग तिला कडेवर कोणी फिरवलं, शाळेत कोणी सोडलं, गोवर आल्यावर रात्री कोण बसलं होतं, असं सगळं निघालं. शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणारा माणूस काम थांबवून ऐकायला लागला. गृहस्थांनी शेवटी बोटं टाइपरायटरवरून उचलली. "बेबनाव नक्की झालाय ना? का पुढच्या सोमवारी येता?"

आत्याचं नाव आप्पांच्या कार्डावर गेलं. पाच रुपये काकांनी दिले, म्हणजे जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूलाही काहीतरी पडलं. निघताना गृहस्थांनी बजावलं, "शनिवारी साहेब घर बघायला येतील. दोन चुली लागतात. आणि ते नुसत्या चुली बघत नाहीत, माणसंही बघतात."

अडचण पुढेच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, निमा आत्याला बघायला सिन्नरचे पाहुणे येणार होते.

निमा आत्या माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठी. आजी-आजोबा लवकर गेल्यामुळे ती माझ्या आईच्या आणि काकूच्या हाताखाली वाढली. तिच्यासाठी आलेली दोन स्थळं आधी परत गेली होती. मुलीला आईबाप नाहीत, उद्या सणावाराला माहेर कोण करणार, असं म्हणून. हे तिसरं. मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, घरची थोडी शेती. आत्याने त्याला एका लग्नात पाहिलं होतं, पंगतीत वाढताना. "लाडू वाढताना म्हाताऱ्यांना दोनदा विचारत होता," एवढंच ती मला म्हणाली, पण त्याचा फोटो तिने आरशामागे ठेवला होता आणि त्या आठवड्यात तिची वेणी दिवसातून तीनदा घातली जायची. मध्यस्थाने पाहुण्यांची एकच अट सांगितली होती: हुंडा नको, मानपान नको, घर एकोप्याचं पाहिजे.

"मग सोपं हाये," बाळूकाका म्हणाले. "शनिवारी बेबनाव, रविवारी एकोपा."

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. खताची पोती ठेवायची मागची खोली रिकामी झाली, सारवली गेली, आणि ती काकूचं स्वयंपाकघर ठरली. काकांनी भांड्यांची वाटणी सुरू केली. काकांना न्यायाचं भारी वेड. दोन कढया, एक इकडे एक तिकडे. चार पातेली, दोन दोन. सहा ताटं, तीन तीन. माझं ताट कोणाकडे यावरून अर्धा तास. मग पाटा-वरवंट्याची पाळी आली. तो एकच होता. काका बराच वेळ त्याच्यासमोर उकिडवे बसले, आणि मग त्यांनी निकाल दिला: पाटा दादाला, वरवंटा मला. कोणी हसलं नाही. आप्पांनी मान डोलावली. काकूने वरवंटा पदरात घालून मागच्या खोलीत नेला आणि नव्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, देवासारखा उभा करून ठेवला.

खरा प्रश्न बेबनाव दाखवायचा कसा हा होता. काकूचं नाव शांता, पण तिचा आवाज गंगापूर रोडवरच्या बसला थांबवेल असा. ती म्हणाली, "त्यात काय, मी आन् अक्का भांडू की." आई म्हणाली, "भांडलो तर साहेबाला वाटेल चांगलं घर आहे. आपण भांडतो रोजच. आपण गोड बोलायचं. अहो-जाहो करायचं." आईचं हे डोकं पाहून सगळे थक्क झाले. बुधवारी संध्याकाळी पहिली तालीम झाली. आई तिच्या ओट्याशी, काकू मागच्या खोलीच्या दारात, आणि मी साहेब.

"अक्काबाई," काकू हात जोडून म्हणाली, "आपल्याकडे चिमूटभर मीठ मिळेल का?"

"मिळेल," आई मान वळवून म्हणाली, "पण आपणास नाही."

एवढं म्हणून आई जी खाली बसली ती उठेना. काकू दाराची चौकट धरून हसत होती, आत्या पायरीवर लोळत होती, आणि मागच्या खोलीत बाजरीची भाकरी जळून काळी झाली. ती जळकी भाकरी आम्ही सगळ्यांनी मिळून, ओट्यापाशीच उभ्याने, लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली. चटणी आदल्या आठवड्याची होती. नवी करता येत नव्हती, कारण पाटा एकीकडे आणि वरवंटा एकीकडे. हे लक्षात यायला घरातल्या पाच मोठ्या माणसांना दोन दिवस लागले, आणि लक्षात आल्यावरही काकांचं म्हणणं हेच, की एकदा झालेली वाटणी मोडायची नाही, शनिवारनंतर बघू.

शनिवार उजाडला. सकाळी मेथी आणि फ्लॉवर टेम्पोत चढवून आप्पा मार्केटला जाऊन परत आले, आणि आल्याआल्या ओसरीच्या एका टोकाला खुर्ची टाकून पाठ फिरवून बसले. काका दुसऱ्या टोकाला बसायचे होते, पण त्यांना बसवेना, म्हणून ते मोटरच्या खोलीच्या छपरावर चढून रस्त्याकडे डोळे लावून होते. साहेब दिसला की शीळ घालायची, असं ठरलं होतं. शीळ ऐकू आली तेव्हा आई दूध तापवत होती, काकू मागच्या खोलीत वांगं भाजत होती, आणि आत्या केसांना तेल चोपडून, जुन्या गाऊनवर, आतल्या खोलीत माझ्या शेजारी कॉटवर पाय हलवत बसली होती. तिला बाहेर यायची मनाई होती, कारण तिला हसू आवरत नसे.

रिक्षातून एक गृहस्थ उतरले. पांढरा सदरा, खिशाला पेन, काखेत रेक्झिनची बॅग. उतरल्यावर ते लगेच आत आले नाहीत. त्यांनी आधी छपराकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे. असं सरकारी माणसाशिवाय कोण बघतो? काका छपरावरून उडी मारून धावले.

"नमस्कार. मी जरा..." ते म्हणाले.

"काय बोलू नका साहेब, उन्हातून आलात. सगळं दाखवतो." काकांनी त्यांना बोलू दिलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. "हे माझे मोठे भाऊ. आमचं बोलणं नाही."

आप्पांनी खुर्चीवरून मान न वळवता नमस्कार केला. भिंतीला.

"नाही?" पाहुणे म्हणाले.

"मुळीच नाय. ही इकडची चूल. ह्या आमच्या वहिनी. वहिनी, आपण आपलं काम करा."

"करतेच आहे भाऊजी, आपण सांगायची गरज नाही," आई इतक्या थंडपणे म्हणाली की आत कॉटवर आत्याने उशी तोंडात धरली. मग मागच्या खोलीतली काकू दाखवली गेली. काकू म्हणाली, "यावं साहेब, बसावं. आमच्याकडे बसायला पाट आहे. त्यांच्याकडे नसेल." आम्ही फटीतून बघत होतो. पाहुणे पाटावर बसले आणि दोन्ही चुलींकडे आळीपाळीने पाहत राहिले. त्यांचा चेहरा पडत चालला होता. काकांना वाटलं, साहेबावर छाप पडतेय.

"आणि घरात कोणी मुलगी आहे ना?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"बहीण. तिचंच सांगायचं होतं साहेब." काका त्यांच्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त घरभर ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "उद्या कोणी इकडून गेलं आणि आम्ही सगळे एका चुलीवर दिसलो, तर ते लिहू नका. उद्याचा एकच दिवस. बहिणीला बघायला सिन्नरचे लोक येणारेत. त्यांना घर एकोप्याचं पाहिजे. तेवढ्यापुरतं आम्ही एकोप्यात राहणार. त्यांचा तो तात्या म्हणून म्हातारा लय चौकस हाये म्हणतात."

"चौकस आहेच," पाहुणे म्हणाले. "मी तो."

मी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्या आहेत; ऑडिटच्या वेळची शांतता मला चांगली माहीत आहे. पण तशी नाही. वांगं निखाऱ्यावर फुटलं तो आवाज मला आजही आठवतो. आत्याचे हलणारे पाय थांबले. तिने उशी बाजूला ठेवली, आरशाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

आणि मग एकदम सगळे सुरू झाले. आप्पा खुर्ची पाडून आत आले आणि काकांवर ओरडले, "माणसाला नाव तरी विचारावं!" काका म्हणाले, "तू भिंतीला नमस्कार करत होतास, तू का नाय विचारलं?" आई म्हणाली, "मी म्हणत होते, गॅस नको न् काही नको." काकू म्हणाली, "अक्का, तूच म्हणालीस गोड बोला! आपण भांडलो असतो तर ह्यांना कळलं असतं ना चांगलं घर हाये!" तात्या पाटावर बसून ऐकत होते. आईच्या शेगडीवर दूध वर आलं. काकू, आईला बोलत बोलत, एक वाक्यही न तोडता, धावत गेली, शेगडी बंद केली, पातेलं उतरवून झाकण ठेवलं, पदराने ओटा पुसला आणि परत जागेवर येऊन पुढचं वाक्य सुरू केलं. आईनेही तिला मधे थांबवलं नाही.

तेवढ्यात निमा आत्या बाहेर आली. तशीच, गाऊनवर, तेलकट केसांनी. "माझं लग्न मोडलं तर मोडलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज काकूच्याही वर गेला, "पण माणूस सिन्नरहून उन्हाचा आलाय. त्याला कोणी पाणी दिलं? कोणी जेव म्हटलं? बेबनाव करताय!" ती तरातरा मागच्या खोलीत गेली, फळीवरचा वरवंटा उचलून आणला, पाट्यावर आदळला, मिरच्या आणि लसूण घेतला आणि वाटायला बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीचं का कशाचं ते मी विचारलं नाही.

तात्या उठून तिच्याजवळ आले. "वरवंटा तिकडे का होता?"

"वाटणीत," काका पुटपुटले. "पाटा दादाला, वरवंटा मला."

तात्यांनी एकदा पाट्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसता सदरा हलत होता, मग आवाज आला, मग त्यांना चष्मा काढावा लागला. ते ओट्याला टेकून हसत राहिले, आणि काय करावं न कळून आम्हीही हसायला लागलो, काका सोडून. काकांना अजून वाटणी बरोबर वाटत होती.

"अहो, पाटा-वरवंटा कोणी तोडत नाय," तात्या डोळे पुसत म्हणाले. "खरी वाटणी होती तेव्हा एकाला पाटा-वरवंटा मिळतो आणि दुसरा बाजारातून नवा आणतो. एकमेकांकडे जायची वेळच यायला नको, म्हणून तर वाटणी. तुम्ही अशी वाटणी केली की रोज दोनदा एकमेकांच्या दारात जावं लागंल." मग ते पाटावर परत बसले आणि हसणं ओसरलं. "आमच्या घराला मधे एक भिंत हाये. अलीकडे मी, पलीकडे माझा सख्खा भाऊ. किती वर्षं झाली ते मी मोजायचं सोडलं. भांडण एकदाही नाय. त्याच्या घरात दूध उतू गेलं की मला वास येतो. मी उठत नाय. माझ्या घरात गेलं तर तोही उठत नाय. बेबनाव म्हणतात तो हा. तुमच्या ह्या बाई भांडता भांडता दुसऱ्याचं दूध उतरवून आल्या."

काकू एकदम पदर सावरून आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मुलगी सांगून बघावी, घर न सांगता बघावं, म्हणून मी आज आलो," तात्या म्हणाले. "मला माझ्या घरात गप्प बसणारी सून नको. गप्प बसणारे आम्ही भरपूर हावोत." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "पोरी, आवाज कायम असाच आहे का आजचाच?"

"कायम," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

आत्याने वाटता वाटता मान खाली घातली. "ठेचा तिखट चालेल का?" तिने विचारलं, आणि तो आवाज कायमचा नव्हता.

जेवायला सगळे एका ओळीत बसलो. भरीत, भाकरी, ठेचा, मुळ्याची कोशिंबीर, वर ते वाचलेलं दूध. काकू आईच्या ताटात वाढत होती, आई काकूच्या, आणि दोघी मिळून तात्यांच्या. तिसरी भाकरी चालू असताना फाटकाशी सायकल टेकवून एक तरुण माणूस आत आला, हातात खाकी पाकीट. आता मात्र बाळूकाकांनी आधी नाव विचारलं, गाव विचारलं आणि काम विचारलं. ते खरे साहेब होते. त्यांनी ओळीत बसलेल्या आम्हा सात जणांकडे पाहिलं.

"अर्जात बेबनाव लिहिलाय," ते म्हणाले. "कुठे आहे?"

"सिन्नरला," तात्या घास गिळत म्हणाले. "इथे नाय साहेब."

साहेबांनी पाणी घेतलं, जेवायला नको म्हणाले, पण ठेच्याच्या वासाने त्यांना शिंक आली आणि मग तेही हसले. "सोमवारी अर्ज मागे घ्या," ते म्हणाले. "नाहीतर मला खरं लिहावं लागेल." जाताना दारात थांबून त्यांनी तात्यांना विचारलं, तुम्ही घरातले कोण. "उद्यापासून सोयरा," तात्या म्हणाले. आत्या उठून आत गेली आणि मी तिच्यामागे. आरशामागचा फोटो तिने काढून समोर लावला होता.

रविवारी सिन्नरची मंडळी रीतसर आली. तात्यांनी जाताना एकच बजावलं होतं, की एकोपा दाखवू नका. तो दाखवायला आम्हाला सवडच नव्हती, कारण पोह्यात साखर जास्त कोणी घातली यावरून सकाळीच सुरू झालं होतं.

लग्नात बाळूकाकांनी आत्याला नवा पाटा-वरवंटा दिला, दोन्ही. सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने काय केलं, तर पाटा आपल्याकडे ठेवला आणि वरवंटा भिंतीपलीकडे, चुलत सासूच्या घरी नेऊन दिला. "आमच्याकडे जागा नाही, तुमच्याकडे राहू दे," म्हणाली. मग रोज सकाळी भिंतीवरून हाक, "काकू, वरवंटा!" आणि रोज संध्याकाळी तो परत. दोघा म्हाताऱ्यांनी बरेच दिवस तिकडे न पाहिल्यासारखं केलं. एकदा आत्याला ताप आला आणि दोन दिवस हाक गेली नाही. तिसऱ्या दिवशी चुलत सासरे स्वतः वरवंटा हातात घेऊन दारात आले, आणि ओसरीवर बसलेल्या तात्यांना म्हणाले, "आज वाटण नाय का?" तात्यांनी सरकून जागा केली. त्यापुढे ते दोघे फार बोलले असं आत्या कधी म्हणाली नाही. पण भिंतीला एक दार पडलं, ते मी पाहिलं आहे, त्याच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं आहे.

आमच्या मळ्यावर आता आठ मजले उभे आहेत, आणि त्यातल्या तिसऱ्यावर मी राहते. गॅस पाइपने येतो, कधी संपत नाही. समोरच्या फ्लॅटशी आमचं भांडण नाही. त्यांचं दूध उतू गेलं तर मला वास येतो. परवा तसा आला तेव्हा मी बेल वाजवली. दार उघडायला आलेली मुलगी आधी घाबरली, मग धावत आत गेली, आणि काल तिने माझ्याकडून मिक्सरचं भांडं नेलं. झाकण मी मुद्दाम ठेवून घेतलं आहे.

राहता राहिला हिशेब. त्या रविवारनंतरच्या सोमवारी आप्पा आणि काका पुन्हा कडुलिंबाखाली गेले, आणि कॉलेज पुन्हा मागे पडल्यामुळे मीही. गृहस्थांनी कागद लावला आणि विचारलं, "कारण?"

"वरवंटा," काका म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आपल्या मनाने टाइप केलं, "बेबनाव नसल्याचे निदर्शनास आल्याने सदर अर्ज मागे घेत आहोत." आप्पांनी पाकीट काढून किती झाले विचारलं. गृहस्थ विचारात पडले. तोडायच्या अर्जाचे पाच रुपये, ते ठरलेले आहेत, ते म्हणाले. पण इतकी वर्षं इथे बसतो, एक व्हायचा अर्ज लिहून घ्यायला आजवर कोणी आलं नाही, त्याचा दर काय लावू? काकांनी स्कूटरच्या डिकीतून मार्केटला न गेलेला माल काढला. शेवटी दिलं ते असं: मेथीच्या दोन जुड्या, फ्लॉवरचा एक गड्डा आणि डब्यातला ठेचा, अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांना. पावती घेतली नाही.